घंटा थांबली की

"पाय दे. आता दुसरा. अगं दुसरा म्हटलं ना, तोच काय परत परत देतेस!"

स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून सेत्तिमिया ब्रीनाच्या पंजांतली कुसळं काढत होती. जून लागला की आमच्या डोंगरउतारावरचं गवत वाळतं आणि त्याची कुसळं कुत्र्यांशी वैर धरतात. बोटांच्या बेचक्यात शिरतात, कानात जातात, आणि एकदा कातडीखाली गेली की मागे फिरत नाहीत, आतल्या आत पुढेच सरकत राहतात. म्हणून हे काम रोज संध्याकाळी, रोझरीच्या जपाला बसायच्या आधी. ब्रीना अजून पोरच होती. पांढऱ्या अंगावर काळे शिंतोडे, शेपटीला रेशमासारखी झालर. तिला हा सगळा खेळ वाटायचा.

एल्विओ नेहमीसारखा न विचारताच दारातून आत आला.

"वा सेत्तिमिया! आजवर चर्चच्या चादरी धूत होतीस, आता कुत्रीचे पाय?"

"ये. टोपी काढ आधी. भिंतीवर ख्रिस्त आहे."

एल्विओने टोपी काढली, क्रुसाकडे बघून मान हलवली आणि खुर्ची ओढून तिच्या नवऱ्यासमोर, नेनोसमोर बसला. दोघे लहानपणापासूनचे मित्र. नेनोने सगळी उमर रस्तेदुरुस्तीच्या खात्यात काढली, डोंगरातल्या वळणांवरची खडी सारखी करण्यात. त्याच्या आयुष्यात दुसरं काही असेल तर ते नोव्हेंबरातलं रान. थंडी पडली की लांब चोचीचा, वाळल्या पानांच्या रंगाचा बेकाच्चा पक्षी उत्तरेकडून आमच्या चेस्टनटच्या रानात उतरतो. त्याच्यामागे बंदूक घेऊन नेनो. पण गेल्या मार्चमध्ये, ऐन उपासकाळात, त्याला झटका आला. उजवा हात, उजवा पाय, अर्धं तोंड आणि बरेचसे शब्द गेले. तेव्हापासून तो खिडकीजवळच्या खुर्चीत होता.

"नेनो, राग मानू नकोस," एल्विओ म्हणाला. "कुत्री मला दे. शिकारीच्या हंगामापर्यंत तयार करतो. हे वय असंच गेलं तर ती सोफ्यावर झोपणारी कुत्री होईल. तुझ्या घरात तर सोफाही नाही."

नेनोचा डावा हात टेबलावर आपटला. "ना."

"मग तालीम कोण देणार तिला? ही? हिला लावा पक्षी आणि कोंबडी यातला फरक ताटात आल्यावर कळतो."

"मी देईन," सेत्तिमिया म्हणाली.

एल्विओ हसला. "चाळीस वर्षांत रानात पाऊल टाकलं नाहीस तू!"

"कुणी बोलावलं होतं?"

"एकदा..." नेनो म्हणाला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. "एकदा... बोलावलं."

सेत्तिमियाने मान वर केली नाही. लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. तिलाही आठवत होतं. "रविवार होता," ती कुसळ चिमटीत धरत म्हणाली. "चर्चमध्ये मिसा कोण ऐकणार होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिसेला तिने मरियामातेपाशी नवस बोलला. नेनोच्या बंदुकीचा बार रानात ऐकेपर्यंत कॉफी तोंडाला लावायची नाही. सकाळी कॉफीची किटली न चढवणारी बाई आमच्या गावात लपून राहत नाही. रविवारपर्यंत सगळ्यांना कळलं आणि कुणी तिला हसलं नाही. एल्विओ तेवढा म्हणाला, "माझ्यासाठी नवस बोलशील तेव्हा माझी दारू सोडू नकोस, तुझंच काहीतरी सोड." पण शिकवायचं ते त्याने मनापासून शिकवलं.

"पोट सुटू देऊ नकोस. खडीवरून चालव, पंजे घट्ट होतात. उन्हात पळवायचं नाही, डोहात पोहू दे. पक्षी अंड्यांवर बसलेत तोवर दोरी सोडायची नाही. आणि एक गोष्ट नीट ऐक. दोरी सुटली, पक्ष्याचा वास लागला, की ही जागेवर खिळेल. तेव्हा तू बोलायचं नाहीस, हात लावायचा नाहीस, लाड तर मुळीच नाही. तो तिचा आणि पक्ष्याचा मामला. माझी दियाना आठवते ना? लाडावून ठेवली होती मी. कुंपणाच्या खांबासमोरसुद्धा खिळायची आणि मागे वळून बघायची, मी बघतोय की नाही. मागे वळून बघणारी कुत्री खोटं बोलत असते, सेत्तिमिया. आणि ती खोड एकदा लागली की मरेपर्यंत."

ती रोज मिसेवरून परत आली की डोक्यावरचा रुमाल काढायची, नेनोचे जुने बूट दोन जोडी मोजे घालून चढवायची आणि ब्रीनाला घेऊन खेचरवाटेने वर जायची. निघताना कुत्रीच्या गळ्यात तांब्याची घंटा बांधायची. ही घंटा रानात लागते. दाट झाडीत कुत्रा दिसत नाही, नुसता ऐकू येतो. घंटा वाजतेय तोवर तो शोधतोय. घंटा थांबली की तो खिळला, पक्षी समोर आहे. उघड्या उतारावर घंटेची काही गरज नव्हती. ती नेनोसाठी होती. सज्जात खुर्ची टाकून दिली की समोरच्या उतारावरचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचत असे. मान एका बाजूला कलती करून तो सकाळभर ऐकत बसे.

ऑगस्टमध्ये दोरी सुटली. एका सकाळी वरच्या लसूणघासाच्या कडेला ब्रीना पळता पळता अशी थांबली, जणू कुणी तिला हवेत टांगली. पुढचा एक पाय उचललेला, शेपटी ताठ, नाक घासात रोखलेलं. घंटा बंद. सेत्तिमिया श्वास धरून उभी राहिली. तिच्या मनात आलं, वेदीवर ओस्ती, ती पवित्र भाकर, वर उचलतात तेव्हा चर्चमध्ये अशीच शांतता होते. मग फर्रकन लावा उडाला, ब्रीना थरथरली, पण हलली नाही.

खाली उतरून ती घरी आली तर नेनो उभा होता. कठडा डाव्या हाताने धरून, दोन्ही पायांवर. शहरातून व्यायाम करून घ्यायला येणारी बाई दोन महिने घसा फोडत होती, तिला जे जमलं नव्हतं ते.

"थांबली..." तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं. "कुठं?"

"लसूणघासात. लावा होता. नेनो, अरे बस, पडशील."

"बस... नाही."

दुसऱ्या दिवशी लावा मिळाला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. घंटा वाजत राहिली आणि नेनो खुर्चीत बसून राहिला. तिसऱ्या सकाळी सेत्तिमियाने ब्रीनाला जवळ बोलावलं आणि घंटेतला लोलक मुठीत धरला. दुसऱ्या हातात जपमाळ होती. ती नमो मरिया म्हणू लागली. खाली सज्जात पांढरा सदरा हळूहळू उभा राहिला. तिने माळेचा एक टप्पा पुरा केला, मग मूठ सोडली.

कुत्री मुठीत किती वेळ राहणार? वळवळायला लागली. म्हणून सेत्तिमिया लांबून हात वर करून "थांब" म्हणायला शिकली. ब्रीना थांबली, की चीजची सुकलेली साल कोटाच्या खिशातून काढून तिला द्यायची. गुणी कुत्री होती. लगेच शिकली. जप दिवसेंदिवस लांबत गेला आणि तेवढा वेळ नेनोचे पाय त्याला उभं धरू लागले. आधी कठड्याला धरून, मग काठीला धरून.

शनिवारी ती कबुलीजबाबाला बसली. जाळीपलीकडे फादर गाएतानो होते.

"फादर, मी रोज घंटा वाजू देत नाही."

"कुठली घंटा? चर्चची?"

"कुत्रीची."

फादर जाळीजवळ सरकले. "बाई, हे पाप दहांतल्या कुठल्या आज्ञेखाली बसवू मी?"

"खोटी साक्ष देण्याच्या," ती म्हणाली. आणि सगळं सांगितलं.

"नवरा उभा राहतोय ना त्याने?" फादर म्हणाले. "जा, शांतीने जा."

पण शांती आली नाही. सप्टेंबरमध्ये एकदा ती वाटेत बुटाची नाडी बांधायला वाकली होती. तिने हात वर केला नव्हता, काही बोलली नव्हती. घंटा थांबली. मान वर करून बघते तर ब्रीना दगडी बांधासमोर खिळलेली. पाय उचललेला, शेपटी ताठ. चित्रासारखी. आणि मान मागे वळलेली. डोळे सेत्तिमियाच्या खिशावर.

तिला एल्विओचे शब्द आठवले. मागे वळून बघणारी कुत्री खोटं बोलत असते.

त्या आठवड्यात तिने खिसा रिकामा ठेवला, हात वर केला नाही, ब्रीना कुठे थांबलीच तर तिला हाकलून पुढे काढली. घंटा अखंड वाजली. खाली पांढरा सदरा काठी हातात घेऊन ताटकळत बसे. रविवारी जेवताना नेनो म्हणाला, "विसरली?"

"कोण?"

"ब्रीना." त्याने चमचा खाली ठेवला. "माझ्या... सारखी."

सोमवारी चीजची साल परत खिशात गेली. सेत्तिमियाने मनाची समजूत घातली, रानातल्या पक्ष्याचा वास जोरकस असतो, तोच कुत्रीला सुधारेल. ऑक्टोबरात नेनो काठी टेकत चौकापर्यंत जाऊन आला. बंदुकीच्या परवान्यासाठी डॉक्टरांनी त्याला दोनदा परत पाठवलं आणि मग सही दिली. चौकात लोक म्हणाले, मरियामातेने ऐकलं. सेत्तिमिया मान खाली घालून वेदीची वस्त्रं इस्त्री करत राहिली.

नोव्हेंबरात, पहिल्या धुक्यानंतर, एल्विओने त्यांना गाडीतून रानाच्या तोंडाशी सोडलं. कुत्रीचा रानातला पहिला दिवस तिच्या धन्याचा. बार होईपर्यंत दुसऱ्या शिकाऱ्याने आत पाय ठेवायचा नाही, ही आमच्याकडची रीत. सेत्तिमियासुद्धा गाडीतच थांबणार होती.

नेनोने बंदूक डाव्या खांद्याला लावली आणि तिच्याकडे हात केला. "चल. आज... रविवार नाही."

एल्विओ मोठ्याने हसला. सेत्तिमियाला हसू आलं नाही.

रान ओलं होतं. पानं पायाखाली मऊ दबत होती. ब्रीना पुढे दिसेनाशी झाली, फक्त घंटा राहिली, कधी डावीकडे, कधी वरच्या नेच्यांत. नेनो एका पायाने चालत आणि एक पाय ओढत होता, पण चेहरा तिने ओळखला नसता. इतक्या वर्षांत हा चेहरा तिने घरात कधी पाहिला नव्हता. हा माणूस रोज उंबऱ्याबाहेर पडल्यावर असा होत असेल, आणि त्याने बोलावलं तेव्हा आपण आलो नाही.

घंटा थांबली.

नेनोने तिचं मनगट धरलं. ते चढावर निघाले, काठी, पाय, काठी, पाय. सेत्तिमियाच्या ओठांवर नमो मरिया होतं. एक पक्षी. आई, तिथे एकच पक्षी असू दे.

नेच्यांच्या मोकळ्या जागेत ब्रीना उभी होती. पाय उचललेला, शेपटी ताठ. नेनोने बंदूक उतरवली. तेवढ्यात ब्रीनाने मान वळवली. नेनोकडे नाही. सेत्तिमियाच्या खिशाकडे.

नेनो पुढे गेला. काठीने त्याने नेचे हलवले, पानं उलटली. काही नव्हतं. वर चढून गेले तेव्हा घंटा पुन्हा थांबली. पुन्हा तसंच. या वेळी त्याने पानं उलटली नाहीत. कुत्रीची नजर धरून तो सेत्तिमियाच्या कोटाच्या खिशापर्यंत आला आणि तिथेच बघत राहिला.

"उन्हाळ्यात..." तो म्हणाला.

"लसूणघासातला खरा होता, नेनो. पहिला. देवाशपथ तो खरा होता."

"बाकी?"

सेत्तिमियाने खिशावर हात ठेवला. नेनो आपल्या उजव्या पायाकडे बघत उभा राहिला. तो पाय रानात उभा होता.

खालून एल्विओची हाक आली. "नेनो! घंटा थांबलीय रे! झोपलास काय?"

नेनोने काठी तिच्या हातात दिली. पक्षी दिसल्याशिवाय या माणसाने जन्मात घोडा ओढला नव्हता. काडतूस महाग म्हणून नव्हे, त्याला त्याची लाज वाटे. त्याने डाव्या खांद्याला दस्ता टेकवला, चेस्टनटच्या उघड्या फांद्यांवरच्या रिकाम्या आभाळाकडे नळी केली आणि बार काढला.

आवाज डोंगरात फिरून परत आला. ब्रीना उसळली आणि नाक खाली घालून नेच्यांत घुसली, पडलेला पक्षी शोधायला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या रक्तातच होतं.

रीतीप्रमाणे आता एल्विओ वर येऊ शकत होता. तो धापा टाकत आला, हातात थर्मास. "पडला?"

"चुकला."

"तू? तू चुकलास?"

नेनोने उजवा हात जरासा उचलून दाखवला. "हात."

एल्विओने त्या हाताकडे पाहिलं आणि पटकन नजर काढली. "आणि कुत्री?"

"कुत्री..." नेनोने शब्द शोधला. "चांगली... उभी राहिली."

"मग झालं! पक्षी काय, उद्या येतील." एल्विओने थर्मासचं झाकण भरून सेत्तिमियापुढे केलं. "घे. बंदूक वाजली. फिटला तुझा नवस."

कॉफीची वाफ तिच्या तोंडावर आली. दोन्ही हातांत झाकण धरून ती उभी राहिली. तिच्याने ते ओठांपर्यंत नेववेना.

नेनोने तिच्याकडे पाहिलं. "पी," तो म्हणाला.

ती प्याली. वर रानात घंटा या झुडपातून त्या झुडपात फिरत होती, कुठेच थांबत नव्हती.