शेवटचे अंतिम तीन दिवस

मी एक जुनी कॅसेट आहे. मित्रांनो, माझ्या पोटात एक मनुष्य बोलतो. तो मनुष्य आज हयात नाही.

सन २००१ मध्ये उल्हासनगरच्या एका साडीविक्रेत्या शेठने मला कोरी विकत घेतले. दुकानामागील गोदामात शिवराम नावाच्या इसमाने घसा खाकरला व माझ्यात जाहिरात भरली : "माता-भगिनींनो! भव्य मोठा सेल! शेवटचे अंतिम तीन दिवस! सोबत ब्लाउजपीस मोफत फ्री! ही संधी परत पुन्हा येणार नाही!"

ते तीन दिवस चार वर्षे चालले.

किसनच्या रिक्षावर भोंगा बसवलेला होता. आम्ही रोज अंबरनाथ, बदलापूरपर्यंत फिरत असू. शिवरामही पुष्कळदा पत्रके वाटण्यास सोबत येई. एकदा सेवानिवृत्त शिक्षक विष्णुपंतांनी रिक्षा अडवली.

"शिवराम, शेवटचे म्हणजेच अंतिम ना रे? एकाच गोष्टीला दोन शब्द कशाला?"

"गुरुजी, एक शब्द रिक्षाचं इंजिन खातं. दुसरा तुमच्यापर्यंत येतो."

"घरीपण दोन-दोनदा बोलतोस काय?"

"घरी बायको एकदासुद्धा बोलू देत नाही!"

गुरुजीही हसले. ते माझ्या कौतुकाचे दिवस होते.

पुढे शिवराम काविळीने वारला. अंबरनाथच्या चाळीत त्याचे पुण्यानुमोदन होते. किसन तेथे बसला होता, म्हणून शेठने रिक्षा दुसऱ्याच माणसाच्या हाती दिली. त्या बिचाऱ्यास काय ठाऊक! तो मला घेऊन थेट त्याच गल्लीत शिरला. आत फोटोपुढे मेणबत्ती तेवत होती, बुद्धवंदना चालली होती. तोच बाहेरून शब्द आले, "माता-भगिनींनो!"

वंदना थांबली. फोटोतील मनुष्य गल्लीतून बोलत होता. मित्रांनो, त्या क्षणी मला माझेच भय वाटले.

दुसऱ्या दिवशी किसन शिवरामच्या पत्नीस, रखमास म्हणाला, "वहिनी, गल्लीत आलो की बंद करत जाईन."

"नको, भाऊजी. लावा. फोटो काय बोलत नाय."

तेव्हापासून रोज दुपारी ती दारात उभी राही. माझे शेवटचे वाक्य संपले की हळूच म्हणे, "ऐकलं." मग आत जाई. शेजारच्या कौसाबाईने ते पाहिले आणि त्या वेळेस ती भीतीने आपले दार लावून घेऊ लागली.

रखमाने किसनकडे एकच मागणे केले होते : सेल संपला की कॅसेट मला द्या. किसनने शेठला विचारले.

"अरे बाबा," शेठ म्हणाला, "सेल संपेल तेव्हा ना!"

सेल संपला नाही, आवाज बदलला. महेश नावाचा नवा मनुष्य आला. "शेठ, पब्लिकला टाइम नाय. एकदाच बोलायचं, शॉर्टमध्ये." त्याने माझ्यावरच नवी जाहिरात भरली. भव्य सेल. अंतिम तीन दिवस. ब्लाउजपीस फ्री. त्याच्या एकेका शब्दाखाली शिवराम पुसला जात होता आणि मला ओरडता येत नव्हते.

किसनला हे उमगले तेव्हा तो थेट रखमाच्या घरी गेला. रिक्षा दाराशी तशीच चालू राहिली.

"वहिनी, पुसला हो त्याला. मला विचारलं पण नाही."

बाहेर महेशची जाहिरात संपली. एरवी किसन लगेच मला मागे फिरवीत असे. आज बटणावर हात नव्हता. मी पुढे सरकत राहिले. भोंग्यातून नुसती खरखर आली. आणि मग—

"ही संधी परत पुन्हा येणार नाही!"

महेशचे शब्द निम्मे होते. ते लवकर संपले होते. शिवरामच्या जादा शब्दांनी जी लांबी व्यापली होती, तिच्या टोकाशी तो अजून शिल्लक होता.

रखमा अनवाणी बाहेर आली. तिने मला काढून घेतले आणि केसांतील पिनेने माझ्या कडेचा छोटा तुकडा मोडला. तो मोडला की कॅसेटवर नवे काही भरता येत नाही.

"शेठला काय सांगायचं ते सांगा, भाऊजी."

किसनने डोळे पुसले. "सांगतो, रिक्षानं खाल्ली."

आता मी तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत असते. मित्रांनो, कोणाचाही आवाज पुसण्यापूर्वी तो शेवटपर्यंत ऐकत जा, एवढीच माझी नम्र विनंती.

घरात टेप नाही. माझे बटण कोणी दाबीत नाही. तरीही दुपार झाली की रखमा ट्रंकेजवळ थबकते आणि हळूच म्हणते, "ऐकलं."

त्या वेळी मी गप्प असते. निदान मला तरी तसे वाटते.