अर्धा पीळ

"काका, परत वर फाटलंय."

धनुष्य जुळलंय का ते पाहायला चौकटीवर ताणलेला कागद सोडवून तिनं माझ्यापुढे धरला. बाण गेला तिथे गोल भोक आणि त्याच्या वर बोटभर फाट. म्हणजे सुटताना बाणाचं शेपूट उचललं जात होतं.

"मूठ चुकतेय तुझी. अजून खाली धर."

हे मी सकाळपासून तिसऱ्यांदा सांगत होतो. आणि ते खोटं होतं.

धनुष्य माझ्या मुलीचं. ती जाऊन सात महिने झाले. ही समोर कागद धरून उभी असलेली तिची शाळेपासूनची मैत्रीण. हिच्या धनुष्याचं पातं तडकलं आणि निवड चाचणी तर रविवारवर आलेली. माझ्या बायकोनंच कपाटातून मुलीचं धनुष्य काढून दिलं. "ठेवून काय लोणचं घालायचंय?" म्हणाली. मी क्लबात धनुष्यं जुळवून देतो, तीस वर्षं झाली. नाही म्हणायला मला कधी जमलेलं नाही.

या धनुष्याच्या दोन टोकांना दोन चाकं असतात, त्यांना कॅम म्हणतात. दोरी ओढली की दोन्ही फिरतात आणि एकाच क्षणी थांबायला हवीत. मला हे नीट सांगता येतंय की नाही, कोण जाणे. माझी मुलगी मूठ फार खाली धरायची. बोललो की म्हणायची, "बाबा, हात माझा आहे. तुम्ही चाकं बदला." शेवटी मी खालच्या कॅमला जोडलेल्या तारेला, म्हणजे केबलला, अर्धा पीळ जास्त दिला, तसा तो कॅम किंचित फिरला. असं कुठल्याही पुस्तकात नाही. पण तिचे बाण सरळ गेले. मग तिनं कॅमवर लाल नेलपॉलिशची रेघ ओढली, पात्याच्या कडेशी नेमकी जुळणारी.

"आता हात लावलात तर मला कळेल हां."

तो पीळ काढायला दहा मिनिटं लागतात. सकाळपासून मी ती टाळत होतो.

मैत्रिणीनं मूठ खाली सरकवून पुन्हा बाण सोडला. कागदावर स्वच्छ गोल भोक पडलं.

"जमलं!" मग ती मनगट चोळू लागली. "दुखतंय हो पण. काका, मी अगदी तिच्यासारखी धरतेय, नाही?"

मी तिच्या मनगटाकडे पाहिलं. लाल झालं होतं. मला काहीच वाटलं नाही. हल्ली वाटत नाही.

"दे इकडे," मी म्हणालो. "मूठ तुझी बरोबर होती. चूक माझी."

"तीन वेळा बोलणी खाल्ली ना मी?"

"खाल्लीस."

धनुष्य शिकंज्यात धरून मी पाती दाबली. ताण गेला. केबलचं टोक खुंटीवरून काढलं, अर्धा पीळ सोडला, टोक परत अडकवलं. ती तिच्या नेहमीच्या मुठीनं उभी राहिली आणि तिनं बाण सोडला.

"काका, गोल! मनगटही नाही दुखलं."

"हं. रविवारी अशीच धर."

धनुष्य पिशवीत घालण्याआधी मी चष्मा पुसून खालचा कॅम पाहिला. लाल रेघ पात्याच्या कडेपासून केसभर सरकली होती. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं.