तळाशी गेलेली जपमाळ

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. चर्चमध्ये विसरलेल्या वस्तू माझ्यात ठेवतात. बाकांच्या उरलेल्या फळ्यांतून सुताराने मला घडवलं आणि संत अंतोनींच्या पुतळ्याखाली ठेवलं. काही हरवलं, की लोक आधी त्यांना साकडं घालत, मग माझं झाकण उघडत. छत्र्या, चष्मे, एकटे पडलेले मोजे, सगळं माझ्याकडे यायचं. एकदा कवळी आली. तिचे मालक तोंडावर रुमाल धरून आले आणि निमूटपणे ती घेऊन गेले.

पुढे लोक नुसतं टाकत गेले, न्यायला कोणी येईना. माझी अडगळ झाली.

त्याच सुमारास झाडलोट करणाऱ्या मावशींना बाकाखाली एक जपमाळ सापडली. त्यांनी ती माझ्यात ठेवली. वर स्वेटर, शाली पडत गेल्या आणि माळ तळाला गेली.

माळ दोन बहिणींच्या आईची होती. आईला माती दिली त्या दिवशी ती थोरलीच्या पिशवीतून पडली होती. थोरली नर्स, धाकटी शिवणकाम करणारी. थोरलीने धाकटीवर माळ चोरल्याचा आळ घेतला आणि बोलणं तुटलं. दोघी एकाच मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येत, पण एक उजवीकडे बसे, दुसरी डावीकडे. थोरली रोज अंतोनींकडे माळ मागायची. मला मात्र तिने कधी उघडलं नाही. चोरीची वस्तू पेटीत कोण शोधणार? मला तोंड असतं, तर ओरडले असते.

एका दुपारी धाकटी लेकीची टोपी शोधायला आली. तिने मला तळापर्यंत उपसलं आणि माळ हाती लागली. घरी नेली असती, तर आळ खरा ठरला असता. नेऊन दिली असती, तर थोरली म्हणाली असती, आता मन खाऊ लागलं म्हणून आणलीस. तिने माळ होती तिथेच ठेवली, सगळं पुन्हा वर रचलं आणि गेली. परतली ती बहिणीला घेऊनच.

"तूच काढ," ती म्हणाली.

थोरलीने माळ बाहेर काढली. फरशी पुसणाऱ्या मावशींनी ओळखली. ही आपल्यालाच आईंच्या मातीच्या दिवशी मिळाली, असं त्यांनी सहज सांगितलं.

थोरलीने माझी कड धरली. "तू घेतलीस, असं मी सगळ्यांना सांगितलं."

"माहीत आहे."

"इतके दिवस मागत होते. देवाने मला का नाही दाखवली?"

"तुला दाखवली असती, तर तू गुपचूप घेऊन घरी गेली असतीस," धाकटी म्हणाली. "म्हणून मला टोपी शोधायला पाठवलं."

थोरलीला रडता रडता हसू आलं. मग दोघींनी मिळून एकेक शाल घडी करून माझ्यात ठेवली. टोपी काही सापडली नाही.

मित्रांनो, देव कोणाला कशाच्या निमित्ताने कुठे पाठवेल, हे आधी कळत नाही. पण कोणावर आळ घेण्याआधी माझ्या तळापर्यंत एकदा हात घाला. एवढं तरी तुमच्या हातात आहे.