बैलाच्या शिंगावरचा रुमाल

देशाची भरभराट बाजारावर उभी असते आणि बाजार माझ्यावर उभा होता. हे वाक्य खरं तर दगडात कोरून ठेवण्याजोगं आहे. पण मी एक जुना सुती रुमाल आहे. माझ्यावर काही कोरता येत नाही, फार तर टाका घालता येतो, आणि आता तोही धरत नाही.

मित्रांनो, माझा जन्म मालेगावच्या मागावर झाला. माझी काही भावंडं डोक्याला गेली, काही भाकरी बांधायला. मला पुण्याच्या कापडबाजारात आबाजींनी घेतलं. त्यांनी माझा रंग पाहिला नाही, पोत पाहिला नाही. मला उजेडाकडे धरलं आणि पलीकडचं काही दिसतं का, एवढंच पाहिलं. काही दिसेना, तेव्हा ते खूश झाले. गुणांची अशी पारख करणारा मालक नशिबानंच मिळतो.

आबाजी चाकणच्या कांद्याच्या बाजारात अडते होते. शेतकऱ्यानं गाडी आणायची, अडत्यानं ती व्यापाऱ्याला विकून द्यायची, असा रिवाज. भाव मात्र तोंडानं बोलायचा नाही. अडत्या आणि व्यापारी एकमेकांचा हात धरत, वरून मी पडे, आणि माझ्या आड बोटं दाबून सौदा होई. सगळा पंजा दाबला की मणाला पाच रुपये, एक बोट सोडलं की चार. याला हत्ता म्हणत. त्याचा एक कडक नियम होता. बोटं बोलत असताना डोळ्यांनी भलतीकडेच पाहायचं, म्हणजे चेहऱ्यावरून कुणाला काही कळू नये. दौलतराव व्यापारी नेहमी किल्ल्याच्या पडक्या बुरुजाकडे पाहत. इतकी वर्षं पाहूनही त्या बुरुजाची त्यांना काही माहिती नव्हती.

शेतकरी बाजूला उभा असे. माल त्याचा, घाम त्याचा, बैल त्याचे. भाव तेवढा आमच्या तिघांचा. दौलतराव पाच दाबत, मी बाजूला होई, आणि आबाजी शेतकऱ्याला सांगत, "चार झाले बघ. आज बाजार पडलाय." मधला रुपाया कुठे जाई, हे मला विचारू नका. मी कापड आहे. बोटं त्यांची होती.

पिंपरीला तेव्हा माळरानावर कारखान्यांच्या भिंती उठू लागल्या होत्या. त्याच दिवसांतल्या एका बाजाराला गोजाबाई गाडी घेऊन आल्या. घरचं सगळं त्याच बघत, कारण मालकांना दम्यानं बसवलं होतं. विहिरीवर मोट होती आणि मोटेनं अर्धंच रान भिजे. यंदाच्या कांद्यावर तेलाचं इंजिन घ्यायचं, हे त्यांनी लागणीच्या वेळीच ठरवलं होतं. चारच्या भावात इंजिन बसत नव्हतं. पाचाच्या पुढे गेला तर बसत होतं. एवढाच हिशेब होता, आणि तो गाडीच्या बैलांनाही पाठ झाला असावा.

बरोबर त्यांचे दीर होते, रंगराव. हे मुंबईला शेअर बाजारातल्या एका दलालाच्या कचेरीत शिपाई होते आणि रजेवर आले होते. आबाजी मोकळे होण्याची वाट पाहता पाहता ते वहिनींना तिथली नवलाई सांगत होते. तिथं म्हणे भली भली माणसं हात वर करून ओरडतात. विकायला काय, तर कंपन्यांचे कागद. पण भाव ओरडूनच बोलायचा. जो बोलेल तो सगळ्यांनी ऐकायचा, शिपायानं सुद्धा. आज घेतलेला कागद उद्या उघड भावानं विकता येतो, या भरवशावर कुठला कोण माणूस आपली शिल्लक गिरणीत घालतो, आणि गिरणी उभी राहते.

गोजाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भावजी, म्हंजी जी गिरणी त्यानं डोळ्यानं बघितली न्हाई, तिचा भाव त्याला कळतो. आन माझ्या रानातल्या कांद्याचा मला कळत न्हाई व्हय?"

रंगराव बैलांपुढची वैरण सारखी करू लागले. मी शेजारीच आबाजींच्या खांद्यावरून हे सगळं ऐकत होतो.

मग आमचं काम सुरू झालं. आबाजींनी दौलतरावांचा हात धरला आणि मला वर पसरलं. दौलतराव बुरुज पाहू लागले. इतक्यात मागे एका हमालानं पोतं भलत्याच गाडीवर टाकलं, म्हणून आबाजी हात काढून त्याला झापायला वळले. गोजाबाईंनी बांगड्या कोपराकडे सारल्या आणि आपला हात माझ्याखाली घातला.

आबाजींचा हात लोण्यासारखा मऊ होता. हा हात खुरप्याचा. दौलतरावांच्या कपाळाला एक बारीक आठी पडली, पण नियम म्हणजे नियम. नजर बुरुजावरून हलली नाही. त्यांनी सगळा पंजा दाबला. समोरून काही हालचाल होईना, तेव्हा पुन्हा दाबला, जरा लाडीगोडीनं.

"कळलं," गोजाबाई म्हणाल्या. "दाबलंस ते दाबलंस. आता तोंडानं बोल."

दौलतरावांनी विस्तव धरल्यासारखा हात ओढला. परक्या बाईचा हात भरबाजारात दोनदा दाबलेला पाहून हमाल पोती खाली ठेवून उभे राहिले. दौलतराव "मावशी, मावशी" करीत मागे सरले आणि मी गोजाबाईंच्या मुठीत राहिलो.

आबाजी धावत आले. रुमाल द्या म्हणाले. रुमालाशिवाय बाजार म्हणजे गोंधळ, शेतकऱ्याचंच नुकसान, वाडवडिलांपासूनची रीत, असं बरंच समजावलं. मग आवाज खाली आणून चार सांगितले.

"त्यानं पाच दाबले. चार कुठनं आले?"

आबाजींचा चेहरा पडला. मग त्यांनी तो उचलला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगितलं, की या गाडीला बोली नाही. एकेक व्यापारी पाठ फिरवून निघून गेला. ऊन चढत होतं. रंगराव कळवळून म्हणाले, "वहिनी, चार तर चार. माल परत न्यायचा म्हंजी सडवायचाच की."

"सडला तर माझा सडंल," गोजाबाई म्हणाल्या. "पर भाव ऐकल्याबिगर द्यायची न्हाई."

त्यांनी मला बैलाच्या शिंगाला बांधलं आणि कांद्याच्या ढिगावर जाऊन बसल्या. शेअर बाजार उघडला की घंटा वाजते म्हणतात. चाकणला त्या दिवशी बैलाचं शिंग होतं. अंगाखाली झाकायला काही नाही, अशी माझी ती पहिलीच वेळ. वारा लागला. बरं वाटलं.

बऱ्याच वेळानं एक हडकुळा माणूस रिकामी पोती घेऊन जवळ आला. हा ज्योतीराम. मराठवाड्यातून पिंपरीला आलेला, कारखान्यांच्या बांधकामावरच्या मजुरांसाठी खानावळ चालवायचा. चाकणला आला की अडते हात पुढे करत, आणि याला बोटांची भाषा येत नसे. मग तोच कांदा दौलतरावांकडून ते म्हणतील त्या भावानं घ्यावा लागे. माझा हा उपयोग मलाही ठाऊक नव्हता. मी शेतकऱ्यापासून भाव झाकत होतो, आणि गिऱ्हाइकाला बाजाराबाहेर ठेवत होतो.

"मावशी," तो म्हणाला, "मला ह्यांची बोटं कळनात बघा. तोंडानं बोललं तर चालतंय का?"

"त्याच्यासाठीच बसलेय, बाबा."

"मग सव्वापाच."

मित्रांनो, चाकणच्या बाजारात भाव पहिल्यांदा हवेत आला. दौलतरावांनी पाठ फिरवलेली होती, पण कान पाठीबरोबर फिरत नाहीत. हातचं गिऱ्हाईक सरळ शेतकऱ्याकडे चाललेलं त्यांना ऐकू आलं. ते वळले आणि साडेपाच म्हणाले. ज्योतीराम पावणेसहा. दौलतराव सहा. ज्योतीरामनं डोकं खाजवत सहा आणि दोन आणे म्हटलं. दौलतरावांचा तोल गेला. "सव्वासहा," ते असे गरजले, की नाक्यावरच्या चहावाल्यानं वळून पाहिलं.

ज्योतीराम हसून मागे सरला. गाडी दौलतरावांची झाली. आणि शेजारच्या गाडीवरचा कुरुळीचा मालोजी सावकाश उठून म्हणाला, "दौलतराव, माझा कांदा बी तसलाच हाय की. बोला."

दौलतराव गाडी जिंकले आणि बाजार हरले.

रामराज्य काही आलं नाही. पुढच्या बाजाराला आबाजी नवा रुमाल घेऊन आले, माझ्यापेक्षा जाड. पण गोजाबाईंच्या गाडीमागे तोंडानं बोलणाऱ्या गाड्यांची रांग लागली, आणि ज्योतीराम आपल्यासारखे आणखी दोघे घेऊन आला. एका पुढाऱ्यांनी बाजारात भाषण करून सांगितलं, की या सगळ्या भानगडीच नकोत, उद्यापासून सगळे भाव वरूनच ठरवून देऊ. मी मनात म्हटलं, म्हणजे रुमालच. फक्त मोठ्या पन्ह्याचा. पुढच्या साली कांदा अमाप आला आणि भाव कोसळला. गोजाबाईंनी बाजाराला मनसोक्त शिव्या दिल्या. पण तो भावही सगळ्यांना ऐकू येईल असाच कोसळला, आणि नाही पटला तर गाडी वळवायला त्या मोकळ्या होत्या. मी पुस्तकं वाचलेली नाहीत. आर्थिक स्वातंत्र्य म्हणतात ते याहून वेगळं काही असेल, तर मला कुणी येऊन दाखवावं. मी वाद घालायला तयार आहे.

इंजिन मात्र आलं. विहिरीवर ते धडधडतं आणि सगळं रान भिजतं. मी आता त्याच्या शेजारी खुंटीवर असतो. त्याचं तेल पुसायचं काम माझ्याकडे आहे. आबाजींनी मला परत मागितलं नाही, आणि मागितलं असतं तरी मी गेलो नसतो.

तेव्हा मित्रांनो, कुणी कसलाही भाव झाकू लागला, तर त्याचं कापड ओढा. कितीही मोठा माणूस असू दे, तोंडानं बोल म्हणा. देश तुम्ही घडवालच, त्याची मला काळजी नाही. माझं एवढंच म्हणणं आहे, की गोजाबाई दिसल्या तर त्यांना सांगा, मला धुताना थोडा साबण लावत जा. नुसत्या पाण्यानं इंजिनाचं तेल निघत नाही.