ओब्दुलियाचा दम

वेराक्रूझ शहराच्या चौकात दर रविवारी संध्याकाळी दान्सोन या जोडीनं करायच्या नाचाचा बँड वाजतो, आणि ओब्दुलिया गेली चाळीस वर्षं नवऱ्याबरोबर, फिदेन्सियोबरोबर, तिथे नाचत आली आहे. या नाचात एक मोठी सोय आहे. मधूनमधून ठरलेलं पालुपद वाजतं, तेव्हा सगळ्या जोड्या थांबतात, बँडकडे तोंड करून उभ्या राहतात आणि बायका ऐटीत पंखे हलवतात. एरवी मध्येच थांबणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं. बारा वर्षांच्या मधुमेहानंतर आता लागणारी धाप ओब्दुलिया त्या पालुपदात, पंख्याआड, गुपचूप गिळून टाकायची. कोणाला काही कळलं नाही अशी तिची खात्री होती.

मधुमेहाच्या नेहमीच्या तपासणीला गेली तेव्हा दवाखान्यात डॉक्टर रेबेकानं तिच्या छातीला वायरी लावून तिला चालत्या पट्ट्यावर चढवलं. बसवून काढलेला कार्डिओग्राम साफ आला होता, तरी ओब्दुलियाला एकच धास्ती होती. ही कालची पोरगी आपला नाच बंद करणार!

"दम लागला की सांगा हं, ओब्दुलियाबाई."

"लागला तर सांगीन ना!"

पट्ट्याचा वेग वाढला, चढ वाढला. श्वास पुरेना. ओब्दुलिया ओठ घट्ट मिटून मनातल्या मनात दान्सोनचे ठेके मोजू लागली. आता येईल पालुपद, आता येईल. मोजून झालं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं बाई डौलात थांबली. पट्टा कुठला थांबायला! त्यानं तिला सरळ मागे नेलं. भिंतीशी बसलेल्या फिदेन्सियोनं धावत येऊन कमरेला धरलं म्हणून वाचली.

"बसल्याजागी तुमचं हृदय ठीक आहे," डॉक्टर म्हणाली. "पण श्रम झाले की त्यानं जास्त रक्त भरून घ्यायला हवं. साखरेनं ते जरा ताठर झालंय. पुरतं भरत नाही, नुसतं धडधडतं. हे कधीपासून?"

"झाला असेल महिना."

"चौदा महिने," फिदेन्सियो म्हणाला.

"मेल्या, तुला काय माहीत?"

"तुझा हात माझ्याच खांद्यावर असतो ना? दम लागला की बोटं रुततात."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर हट्टानं चार नाच जास्त केले असतेस. म्हणून गुडघा दुखल्याचं सोंग घेतलं. दोन नाच झाले की बसायला निमित्त."

चौदा महिने तिनं त्याला मैत्रिणींसमोर 'लंगडोबा' म्हणून हिणवलं होतं. तिला रडू फुटलं, आणि त्याचा रागही आला.

डॉक्टरनं नाच बंद केला नाही. औषध बदललं, रोज बेताबेतानं चालायला सांगितलं. "आणि नाचताना बोलता येईनासं झालं की तिथल्या तिथे थांबायचं. पालुपदाची वाट बघायची नाही."

"सगळ्यांसमोर? त्यापेक्षा घरी बसेन!"

तरी रविवारी ती गेलीच. दुसऱ्या नाचाला श्वास तोकडा पडू लागला आणि पालुपद अजून लांब होतं. तिची बोटं रुतली असावीत, कारण फिदेन्सियो लगेच पाय ओढू लागला.

"लंगडू नकोस," ओब्दुलिया म्हणाली, शेजारच्या जोड्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "मला दम लागलाय. थांब."

तो थांबला. बँड वाजत राहिला, जोड्या वळसा घालून जाऊ लागल्या, आणि भर चौकात नवऱ्याचा खांदा धरून ती तोंड उघडून धापा टाकत उभी राहिली.