लाल ठिपक्यापाशी

काटा लाल ठिपक्याला टेकला, आणि चढ मात्र समोर उभाच... तिने उंची मोजणाऱ्या घड्याळाच्या काचेवर नखाने टकटक केलं. काटा ढिम्म. ठिपका तिच्याच नेलपॉलिशचा — तरुणपणी दादाने न विचारता बाटली उचलून शिखराच्या उंचीवर बरोबर लावलेला थेंब. म्हणजे शिखर इथे हवं. आणि इथे तर डोक्यावर अजून दगडांची आख्खी भिंत, वरचा काठ ढगात.

पहाटेपासून ती चढत होती. वाट कसली, शिडीच — खोऱ्याच्या तळातून थेट वर, सपाटी नावालाही नाही. मांड्यांचा पार पिट्टा पडलेला. काल हे उंचीचं घड्याळ हातात ठेवताना दादा गुडघे चोळत म्हणाला होता, "काटा ठिपक्याला लागला की बघ. खांब नसेल तर फोटो काढ. असेल तर... तर काही सांगू नकोस."

माथ्यावर लोखंडी खांब आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दादा तेवढा परत येऊन म्हणाला, "खांब नव्हता. धुकं होतं, पण काटा ठिपक्यावर होता, मी टोपी काढली आणि उतरलो." झालं, जन्माचा थापाड्या ठरला. तिचा नवरा तर दर जेवणाला — "काय दादा, खांब गिळलात की काय?" जिन्यापलीकडे काही न चढलेली माणसं, यांच्या बापाचं काय जात होतं? हल्ली दादा पुढ्यातलं ताट बघत बसतो.

ती मटकन खाली बसली. पाव चावत राहिली, आणि सहज पाहिलं तर काटा ठिपक्याच्या पुढे. बसल्या जागी?

ती लिफ्ट दुरुस्त करते. आकडा आठवा मजला सांगतो, दार उघडतं आणि समोर भिंत — असल्या आकड्यांशी तिचा रोजचा संसार. मग हा काटा नक्की मोजतो काय? डोंगर नाही... हवा. वर जावं तशी हवा विरळ, काटा वर. पण हवामान बिघडायला लागलं की बसल्या जागीही हवा हलकी होते, आणि हा खुळा समजतो, आपण चढलो. ढग खाली येतच होते. त्या दिवशीही आले असणार.

म्हणजे दादा खोटं बोलला नाही. आणि दादा माथ्यावर पोचलाही नाही.

तिने फोन काढला. इथे खांब नाही. त्याने मागितलेला फोटो हाच. की वर जाऊन खांबाचा काढायचा, आणि मग गप्प बसायचं?... पण खांब आता तिच्या डोक्यात टिकेना. तो थांबला कुठे असेल? या कातळावर, की त्या वरच्या? कोणी बघत नसताना, अर्ध्या उतारावर, धुक्यात टोपी काढून उभा — काय वाटलं असेल त्याला? इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नाही. सगळ्यांना खांब हवा होता.

काटा आणखी सरकला. त्याच्या मते ती आता डोंगराच्याही वर होती, नुसत्या हवेत. कान गार पडले, तेव्हा तिला कळलं की टोपी आपल्या हातात आहे.