चंद्रावरचं अनवाणी पाऊल

“भागी, चंद्रावर अनवाणी कोन गेलं व?” शकुन ओरडली.

मी टोपलं हातात धरून तशीच उभी. आमच्या परातीतल्या चंद्रावर, अगदी मधोमध, एक पाऊल उमटलं होतं. लहान लेकराचं. बोटंसुद्धा स्पष्ट. बाकीची राख आम्ही ठेवली तशी सपाट.

“तुयीच चेष्टा असंन,” मी म्हणाले.

“माया पाय पाह्य आधी! परातीत तरी मावते का?”

मला हसू आलं. पण स्पर्धेच्या हॉलला रात्रभर कुलूप होतं आणि किल्ली आमच्या शाळेच्या बाईंच्या कमरेला होती.

सांगते. याच वर्षी माणूस चंद्रावर उतरला, म्हणून अकोल्याला शाळाशाळांच्या गटांची विज्ञान स्पर्धा ठेवली होती. विषय अवकाश. नांदगाव खंडेश्वरहून मुलींचा गट पहिल्यांदाच आलेला, आणि गटप्रमुख कोण? मी, भागीरथा! पूर्वी वर्गात तोंड न उघडणारी मी आता सरांनाही प्रश्न विचारते. मला पहिलं बक्षीस हवंच होतं. चंद्राची माती म्हणजे चुलीची राख. परीक्षकांसमोर तिच्यावर अंतराळवीराच्या बुटाचा ठसा उमटवायचा. तो ठसा बाबांनी बाभळीच्या लाकडात कोरून दिला होता.

राख चाळली गंगूमावशीनं. ती आमच्या शाळेत पाणी भरते. मुलींसोबत कोणी बाईमाणूस हवं म्हणून तिलाही आणलं होतं. काल संध्याकाळी तिनं राख जुन्या लुगड्यातून गाळली, तळहातानं सारखी केली आणि परातीवर टोपलं पालथं घातलं.

“काहून झाकून राहिली व, मावशी?”

“पसरलेली राख उघडी ठेवत नाई, माय.” मग हळूच म्हणाली, “जीव जाते तेथी पीठ पसरतात, वर टोपलं झाकतात. सकायी पाऊल पाह्यतात. गेलेलं मानूस कोन्या जन्माले गेलं, थे समजते. मायी लहानी पोरगी रुख्मी इथंच गेली, अकोल्याच्या दवाखान्यात. तेथी कोन पसरू देते पीठ?”

बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरी असलं कोणी मानत नाही. मीही नाही.

“परीक्षक येऊन राहिले!” शकुननं मला ढोसलं. “दाब ना ठसा त्याच्यावर!”

मी ठसा उचलला. बुटाखाली ते पाऊल सहज मिटलं असतं. तेवढ्यात गंगूमावशी पाण्याची बादली घेऊन आत आली. तिनं परातीकडे पाहिलं. बादली खाली ठेवली, थेंबही न सांडता. मग वाकून त्या पावलावरून हात फिरवला, राखेला न लावता, वरूनच.

“मानसाचंच हाय,” एवढंच म्हणाली.

मी ठसा पिशवीत टाकला. शकुननं मला करकचून चिमटा काढला.

परीक्षक चष्मा वर करून हसले. “अनवाणी? अहो गटप्रमुख, तिथं हवा नाही. अनवाणी गेलेलं माणूस जिवंत राहील का?”

मी पिशवीतला ठसा चाचपला.

“जित्ती नाईच थे, साहेब,” मागून गंगूमावशी म्हणाली.

वर पंखा गरगरत होता आणि राखेचा कण हलत नव्हता. परीक्षक परातीकडे पाहत राहिले. मग पेनाला टोपण लावून पुढच्या टेबलाकडे गेले.

बक्षीस अमरावतीच्या मुलांनी नेलं. शकुन माझ्याशी बोलेना.

परतीच्या एस.टी.त गंगूमावशी झाकलेली परात मांडीवर घेऊन बसली. कंडक्टर आला, तेव्हा तिनं आमची तिकिटं सांगितली आणि म्हणाली, “आन् एक अर्धं.”

“लेकरू कुठी हाय, मावशी?”

मावशीनं टोपल्यावरचा हात उचलला नाही. कंडक्टर माझ्याकडे पाहू लागला.

“फाडा ना अर्धं,” मी म्हणाले, आणि मावशीशेजारची खिडकीजवळची जागा सोडून शकुनजवळ जाऊन बसले.